चीवर, कंथा, पोतेरे : जीर्ण वस्त्राच्या गृहहिशेबाविषयी

भारतीय वाङ्मयात जीर्ण वस्त्र जागोजागी भेटते. बौद्ध भिक्षूचे पांसुकूल चीवर, नाथजोग्याची कंथा, सूफी साधकाचा ठिगळांचा झगा ही त्याची परिचित रूपे होत. तौलनिक साहित्याभ्यासाने या रूपांचा विचार बहुधा वैराग्याचे चिन्ह म्हणून केला आणि तो अस्थानी होता असे म्हणता येणार नाही. परंतु या वाचनातून एक गोष्ट सतत निसटते. विरक्ताच्या अंगावर चिन्ह म्हणून येण्यापूर्वी ते वस्त्र कोणाच्या तरी घरात जुने झालेले असते. ते कुठे विरले, किती धड उरले, उरलेल्याचे काय करावयाचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. हे ठरवणे म्हणजे गृहस्थी काटकसरीचे मूळ काम. ते बहुतांशी स्त्रियांनी केले आणि वाङ्मयाने ते क्वचितच नोंदवले. प्रस्तुत निबंधात त्या क्वचित नोंदींचा माग घ्यावयाचा आहे. जे कापड अखेरच्या धाग्यापर्यंत वापरले गेले त्याचा पुरातत्त्वीय अवशेष उरण्याचे कारणच नसते. म्हणून येथील पुरावा प्रामुख्याने शब्दांचा आणि कथांचा आहे.

यांपैकी सर्वांत तपशीलवार आणि, माझ्या मते, सर्वांत उपेक्षित नोंद विनयपिटकात आहे. चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात राजगृहाच्या संगीतीचा वृत्तान्त येतो आणि त्यालाच जोडून एक छोटीशी कथा येते. छन्न नावाच्या भिक्षूला संघाने दिलेली ब्रह्मदंडाची शिक्षा कळवण्यासाठी आनंद कौशाम्बीला जातो. तेथे राजा उदेन, म्हणजे संस्कृत कथांतला उदयन, आपल्या अंतःपुरासह उद्यानात आलेला असतो. राण्या आनंदाचा उपदेश ऐकतात आणि प्रसन्न होऊन त्याला पाचशे उत्तरासंग दान देतात. राजाला हे कळताच तो चिडतो. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण कापडाचा व्यापार करणार आहे की दुकान मांडणार आहे, असा त्याचा सवाल. तो स्वतःच आनंदाकडे जातो आणि चौकशी आरंभतो.

पुढचा संवाद हिशेबतपासणीसारखा चालतो. एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देणार. मग त्यांची जुनी चीवरे? त्यांची उत्तरत्थरणे, म्हणजे अंथरुणावरची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांचे काय? त्यांच्या गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर घालायची अंथरणे. जुन्या अंथरणांची पायपुसणी होतील, जुन्या पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी होतील. आणि ती फडकी जुनी झाली म्हणजे? ती कुटून, चिखलात मळून, त्या गाऱ्याने आम्ही जमीन लिंपू. राजाचे समाधान होते. शाक्यपुत्रीय श्रमण सारे काही योग्य रीतीने उपयोगात आणतात, काही वाया दवडत नाहीत, असे मनाशी म्हणून तो आणखी पाचशे वस्त्रे देतो.

या कथेचे तात्पर्य अपरिग्रह असे सांगण्याची प्रथा आहे. कथा मात्र अपरिग्रहाविषयी फारसे बोलत नाही. आनंदाने वस्त्रे नाकारलेली नाहीत. पाचशे वस्त्रांचा संग्रह समर्थनीय कसा ठरतो, एवढाच येथे प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर उतरत्या पायऱ्यांच्या एका यादीने दिलेले आहे. या यादीतील ज्ञान ध्यानातून आलेले नाही. कोणते कापड किती विरल्यावर अंगावरून अंथरुणावर उतरवायचे, अंथरुणावरचे पायाखाली केव्हा घ्यायचे, गाऱ्यात चिंधी घातली म्हणजे लिंपण भेगाळत नाही, हे सारे घर चालवणाऱ्याला ठाऊक असते. दान राण्यांचे, प्रश्न राजाचा, उत्तर भिक्षूचे आणि त्या उत्तरातील विद्या घरातल्या स्त्रीची. ती मात्र कथेत कुठेच उपस्थित नाही.

विनयातीलच आणखी एक तपशील पुढे उपयोगी पडणार आहे. मगधातील भातशेतांचे बांध पाहून तशा आखणीचे चीवर करावे असे बुद्धाने आनंदाला सुचवले आणि आनंदाने तुकडे जोडून ते सिद्ध केले, अशी कथा महावग्गाच्या चीवरखंधकात आहे. कापड मुद्दाम कापून पुन्हा शिवण्यामागचे कारण तेथे स्पष्ट सांगितले आहे. शस्त्राने कापलेले वस्त्र रूक्ष होते, श्रमणाला शोभते आणि चोरांना त्याचा लोभ वाटत नाही. म्हणजे येथे कापण्याचा हेतू मोल उतरवणे हाच आहे.

आनंदाच्या यादीशी तुल्य असा दस्तऐवज मराठीत शोधू गेल्यास तो शब्दकोशात सापडतो. नऊवारी लुगडे वापराने मध्यभागी आधी विरते. दोन्ही टोके त्या मानाने धड राहतात. विरलेला भाग फाडून काढायचा आणि धड तुकडे एकमेकांना जोडायचे, याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे नेसणारी स्त्री गरीब असते, परंतु निर्वस्त्र नसते. मराठी कथा-कादंबऱ्यांतून आणि आत्मकथनांतून हा शब्द या नेमक्या आर्थिक स्थितीचा वाचक म्हणून येतो. दंडाचीही मर्यादा संपली म्हणजे लुगड्याचे धडपे होते. त्यातून मुलीचा परकर निघतो, चोळीचे अस्तर निघते. तान्ह्या मुलाचे पहिले झबले जुनेराचे असावे, ही रीत प्रसिद्धच आहे. त्याला शुभाशुभाच्या कल्पना चिकटल्या असल्या तरी मुळाशी धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताचा स्पर्श आहे. मग दुपटी, बाळोती. थरावर थर देऊन धावदोऱ्याने शिवलेली गोधडी किंवा वाकळ. वाकळीतूनही गळालेले ते फडके, चुलीपाशी हाती धरायचे ते मसोते आणि शेवटी शेणामातीत बुडवून चूल व जमीन सारवायचे ते पोतेरे. मधल्या एका पायरीवरून एक फाटा देवळाकडे जातो. तेथे चिंधीचा पीळ तेलात भिजून काकडा होतो आणि पहाटेच्या आरतीला त्याचेच नाव मिळते.

पोतेरे ही या क्रमातली शेवटची पायरी आणि कौशाम्बीच्या संवादातलीही शेवटची पायरी जमीन लिंपण्याचीच. दोहोंमध्ये ऐतिहासिक परंपरेचा धागा आहे, असा माझा दावा नाही. मातीची घरे आणि सुती वस्त्रे जेथे आहेत तेथे हा क्रम पुन्हापुन्हा निर्माण होणारच. पण वाकळ, पोतेरे यांसारख्या शब्दांना मोल्सवर्थने आपल्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) जागा दिली आणि घरातल्या स्त्रियांची ही विद्या निदान नामरूपाने तरी छापली गेली, याचे महत्त्व कमी नाही. एखाद्या माणसाचे पोतेरे झाले असे आपण म्हणतो, तेव्हा या साऱ्या पायऱ्या एकदम उतरून जातो.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे आणि ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये तो मराठीत आणला. देही जुने शरीर टाकून नवे घेतो, जसा मनुष्य जुनी वस्त्रे टाकून नवी नेसतो. दृष्टान्त नेसणाऱ्याच्या बाजूने पाहिलेला आहे. वस्त्राच्या बाजूने पाहिले तर जन्मामागून जन्म वस्त्रच घेत असते आणि माणसाच्या एका आयुष्यात एका लुगड्याचे सहा-सात जन्म होतात. भाष्यकारांपैकी कोणाच्या घरात गोधड्या शिवल्या जात नव्हत्या असे तर नाही. पण टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय होते हा प्रश्न दर्शनाचा झाला नाही.

वाङ्मयात प्रतिष्ठा मिळाली ती कंथेला. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शेकडो विरलेल्या तुकड्यांची कंथा पांघरणारा भिक्षाजीवी आहे, आणि तरीही विषय त्याला सोडत नाहीत अशी खंतही आहे. जायसीच्या १५४० मध्ये आरंभलेल्या पद्मावतात चितोडचा राजा रत्नसेन जोगी होऊन निघतो, तेव्हा शृंगी, मेखला, रुद्राक्ष यांच्या मालिकेत कंथाही येते. फारसी परंपरेत सूफीच्या ठिगळांच्या झग्याला मुरक्का म्हणत. पुढे चित्रे आणि सुलेखनाचे नमुने चिकटवून केलेल्या शाही संग्रहांनाही तेच नाव मिळाले. ठिगळ ही रचनेची कल्पना म्हणून दरबारापर्यंत कशी पोचली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

या साऱ्यांत अधिक बोलकी कथा बंगालीत आहे. कृष्णदास कविराजांच्या चैतन्यचरितामृतात, मध्यलीलेत, गौडच्या हुसेनशहाचा मंत्री सनातन कैदेतून निसटून काशीला चैतन्यांपाशी येतो. वाटेत हाजीपूरला मेहुण्याने दिलेले भारी भोट कांबळे त्याच्या अंगावर असते. चैतन्य काही बोलत नाहीत, मात्र त्या कांबळ्याकडे वारंवार पाहतात. सनातन उमजतो. गंगेवर कोणी एक गौडीय आपली कंथा धुऊन वाळत घालीत असतो. त्याला सनातन कांबळे देऊ करतो आणि कंथा मागतो. त्या माणसाला ही थट्टा वाटते. सौदा होतो, सनातन कंथा पांघरून परततो आणि चैतन्य संतोष पावतात: तीन मोहरांचे कांबळे अंगावर घेऊन माधुकरी मागितली तर लोक हसतील.

कथा सनातनाची आहे, आणि भक्तिसंप्रदायाने ती तशीच वाचली. परंतु काठावरच्या त्या अनाम माणसाकडे क्षणभर पाहावे. त्याच्यापाशी कंथा होती ती वैराग्यामुळे नव्हे. ती धुण्याइतकी जपलेली होती, म्हणजे ती त्याच्या संसारातली वस्तू होती. घरच्या कोणा स्त्रीने ती टाका टाका घालून शिवली असण्याचा संभव अधिक. एकाच वस्त्राचे मोल त्या घाटावर दोन मापांनी मोजले गेले आणि दोघेही लाभात राहिले. निवड करण्याचे स्वातंत्र्य मात्र त्यांच्यापैकी एकालाच होते.

निवडीचा हा प्रश्न बाजूला ठेवला तर जीर्ण वस्त्राचा इतिहास सहजच गोड होऊन बसतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी मृतांची वस्त्रे वापरावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे असे विधान आहे. पुनर्वापर येथे दंडशासन म्हणून लादलेला आहे. दुसऱ्याच्या उतरलेल्या वस्त्राने माणसाची पायरी दाखवण्याची ही व्यवस्था बलुत्याच्या गावगाड्यात किती खोल रुजली होती, याची साक्ष दलित आत्मकथनांनी दिली आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी याच ग्रंथाचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची, दागिने घालण्याची जी पद्धत अस्पृश्यतेची खूण होऊन बसली होती ती सोडून द्यायला सांगितले. या दोन गोष्टी एकत्र वाचावयास हव्यात.

आणि त्यांच्या शेजारी गाडगेबाबांना (१८७६–१९५६) ठेवावयास हवे. त्यांचा जन्म परिटाच्या घरचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची वस्त्रे धुणाऱ्या जातीतला. अंगावर चिंध्या जोडून केलेले पांघरूण, हातात मडक्याचा फुटका तुकडा. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत आणि गाडगेबाबा हे नावही त्या फुटक्या मडक्यावरूनच पडले. मनूने हीन ठरवलेल्यांवर लादलेल्या नेमक्या दोन खुणा त्यांनी स्वेच्छेने अंगीकारल्या आणि तिसरी वस्तू, खराटा, स्वतःची जोडली. कीर्तनात ते माणसांना चिंध्या नेसायला सांगत नव्हते. मुलांना शिकवा, देवाच्या नावाने कर्ज काढू नका, हे सांगत होते. कंथेच्या साऱ्या प्रतीकव्यवस्थेवरचे इतके मार्मिक भाष्य मला दुसरीकडे आढळलेले नाही, आणि ते ग्रंथात लिहिलेले नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नाला राजकीय वळण मिळाले. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला विदेशी कापडाची होळी झाली. धडधाकट कापड जाळणे रवींद्रनाथांना आणि सी. एफ. अँड्र्यूज यांना पटले नाही. उघड्या माणसांच्या देशात वस्त्र जाळायचे कसे, हा आक्षेप साधा आणि बिनतोड होता. गांधींनी ऑक्टोबर १९२१ मध्ये रवींद्रनाथांना दिलेल्या उत्तराचा गाभा असा की उघड्याला वस्त्र दान देणे हा त्याचा अपमान आहे, त्याला हवे आहे ते काम. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरते एवढेच की जुने किंवा नकोसे वस्त्र दुसऱ्याला देणे ही निरपवाद सत्कृती नाही, हे त्यात प्रथमच राष्ट्रीय पातळीवर उच्चारले गेले.

काटकसरीच्या साखळीची दुसरी मर्यादा बंगालच्या वस्त्रदुष्काळात उघडी पडली. युद्धकाळात कापड बाजारातून नाहीसे झाले, १९४३ मध्ये सुती कापडावर नियंत्रणाचा हुकूम आला आणि काळाबाजार माजला. माणिक बंद्योपाध्याय यांची ‘दुःशासनीय’ ही कथा त्या काळातली आहे; वस्त्राअभावी घराबाहेर पडू न शकणाऱ्या खेड्यातल्या स्त्रिया तिच्यात आहेत. शीर्षकातला द्रौपदीचा संदर्भ स्पष्ट आहे, पण येथे वस्त्र पुरवणारा कोणी नाही. ज्या प्रदेशातल्या स्त्रियांनी जुन्या साड्यांच्या कंथा शिवून एक कला उभी केली, तेथेच जुने होण्यासाठी लागणारे नवे कापड संपले. पुनर्वापराला आरंभी एक नवे वस्त्र लागतेच. उदेनाच्या राण्यांनी दिलेली पाचशे वस्त्रेही नवीच असणार.

गंमत अशी की कंथेला कला म्हणून मान्यता मिळाली ती याच दशकांच्या आगेमागे. जसीमउद्दीन यांचे ‘नक्शी काँथार माठ’ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यातली साजू आपल्या वियोगाची सारी कहाणी कंथेवर शिवते आणि ती आपल्या कबरीवर पसरावी असे सांगून जाते. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी गावोगाव फिरून कंथा जमवल्या. स्टेला क्रामरिश यांचा कंथेवरील लेख १९३९ मधला. या अभ्यासकांचे ऋण मोठे आहे; त्यांनी पाहिले नसते तर आज पाहण्यासारखे फारसे उरले नसते. तथापि संग्रहालयात कंथा पसरून, काच लावून ठेवली की टाक्यांची नक्षी दिसते, आतले थर दिसत नाहीत. रंगीत दोरेसुद्धा जुन्या साडीच्या काठातून ओढून काढलेले असत, हे माहितीफलकावर वाचावे लागते. पुढे बाजाराने शेवटचे पाऊल टाकले. आज कंथा म्हणून विकली जाणारी साडी नव्या रेशमावर, नव्या दोऱ्याने भरलेली असते. बिहारमधल्या सुजनीची आणि बंगालच्या नक्शी कंथेची अनुक्रमे २००६ आणि २००८ मध्ये भौगोलिक निर्देशनाखाली नोंदणी झाली. कारागीर स्त्रियांच्या हाती त्यातून पैसा येतो, ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण टाका टिकला आणि हिशेब गेला, हेही खरे आहे. दुरुस्तीच्या दुसऱ्या एका विद्येच्या, रफूच्या, वाट्याला एवढेही आले नाही. नजीबाबादच्या रफूगरांचे कसब काश्मिरी शालींत आहे. चांगला रफू दिसतच नाही, तेव्हा काचेमागे ठेवायचे तरी काय?

हिशेब का गेला याचे उत्तर अभिरुचीपेक्षा द्रव्यांत शोधावे लागते. कृत्रिम धाग्याची साडी विरत नाही आणि पाणी शोषत नाही. तिचे बाळोते होत नाही, फडके होत नाही, पोतेरे तर नाहीच. आणि फरशी आल्यावर सारवायची जमीनही राहिली नाही. शिडीच्या खालच्या पायऱ्या अशा निखळल्या तेव्हा कपाटे भरू लागली आणि घर आवरण्याचे काम वाढले. ते काम पूर्वीही होतेच. दारावर येणारी बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देई, आणि किती साड्यांना कोणते पातेले याची घासाघीस उंबऱ्यावर तासभर चाले. जरीच्या साडीचा भाव निराळा, कारण ती जाळून चांदी निघे. या व्यवहारात दोन्ही बाजूंना स्त्रियाच असत, आणि दोघींनाही कापडाची पारख सारखीच असे. आता मात्र घरातून कापड जाण्याचा हाच मुख्य मार्ग झाला.

दिल्लीत हा मार्ग पश्चिमेकडील रघुबीर नगरच्या बाजारात जातो. तेथे गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रिया भांड्यांच्या बदल्यात जमवलेले कपडे पहाटे विकतात. लूसी नॉरिस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व्यवहाराचे सविस्तर वर्णन केले आहे. घरातून निघालेल्या साडीचा पुढचा प्रवास इतक्या बारकाईने मांडणारे लेखन मराठीत व्हावयास हवे. दिल्लीपासून फार दूर नसलेले पानिपत हे याच कामाचे औद्योगिक रूप. थंड देशांतून आलेले जुने लोकरी कपडे तेथे रंगांनुसार निवडून, फाडून, पुन्हा कातून त्यांची स्वस्त कांबळी करण्याचा धंदा वाढला, आणि ती कांबळी भूकंप-पुरानंतरच्या मदतकार्यात जगभर वाटली गेली. हे कपडे देशात आणताना सीमाशुल्काचा एक नियम आड येतो. ते कपडे म्हणून विकले जाऊ नयेत यासाठी आधीच शस्त्राने कापून निकामी केलेले असावे लागतात; तसे कापले म्हणजेच कागदोपत्री त्यांची चिंधी होते.